पहिल्या श्रवणाचा अभिप्राय

गेल्या महिन्यांत एका रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी दिवाणखान्यांत सुपारी कातरीत बसली होती. इतक्यांत आमच्या पुतण्यानें हातांतील मोबाईल पुढें करून मोठ्या उत्साहानें सांगितलें, "काका, हा अल्बम परवांच निघाला आणि त्याला दहांपैकीं नऊ गुण मिळाले आहेत! तुम्हीं ऐकलाच पाहिजे." आमच्या वहिनी जवळच वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, "आणि तुला किती द्यावेसे वाटले?" पुतण्या क्षणभर थबकला आणि म्हणाला, "आई, मीं अजून ऐकला कोठें आहे?"

सारे हंसले. हंसण्यांत आम्हीहि सामील झालों. परंतु मनांत कोठें तरी एक कांटा रुतला. नव्या ध्वनिमुद्रिकांवर मत देण्याचें काम आम्हीहि या सदरांतून करीत आलों आहों, आणि आमचें मत वाचून गाणें न ऐकतांच तें चांगलें किंवा वाईट ठरविणारीं घरेंहि कांहीं थोडीं नसतील. तेव्हां या महिन्यांत नव्या अल्बमांचा परामर्श बाजूस ठेवून त्या परामर्शाचाच परामर्श घ्यावा असें योजिलें आहे.

ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणाचा व्यवसाय तसा फार जुना नाहीं. इंग्लंडांत कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकारानें १९२३ सालीं 'ग्रामोफोन' नांवाचें मासिक सुरू केलें, तें मुख्यतः याच कामासाठीं. त्या काळीं तबकडीच्या एका बाजूस चारपांच मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. एखादी सिंफनी घरीं आणावयाची म्हणजे अनेक तबकड्यांचा जड संच विकत घ्यावा लागे. इतका पैसा खर्चण्यापूर्वीं कोणा जाणत्याचा सल्ला मिळावा, ही ग्राहकाची गरज खरी होती. आतां काळ पालटला. महिन्याची ठराविक वर्गणी भरली, किंवा मधल्या जाहिराती सोसल्या, कीं जगांतील बहुतेक संगीत मोबाईलवर हजर होतें. पैशाचा प्रश्न मागें पडला. उरला तो वेळेचा. इतकें सारें कोणी ऐकावें? म्हणून लोक सल्ल्याऐवजीं अंक मागूं लागले आहेत. पांचांपैकीं किती तारे, दहांपैकीं किती गुण, एवढें कळलें म्हणजे झालें! २००१ सालीं सुरू झालेलें 'मेटाक्रिटिक' हें संकेतस्थळ तर निरनिराळ्या टीकाकारांच्या गुणांची सरासरीहि काढून देतें.

परंतु सरासरीनें मतभेद मिटतो असें मात्र कोणी समजूं नये. जॅझ संगीताला वाहिलेल्या 'डाउन बीट' या अमेरिकन नियतकालिकानें १९६२ च्या जानेवारींत एक मौजेची गोष्ट केली. ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाची 'फ्री जॅझ' नांवाची ध्वनिमुद्रिका आदल्या वर्षीं निघाली होती. आठ वादकांचे दोन जथे एकाच वेळीं वाजवीत आहेत, ठरलेल्या चालीचा आधार अगदीं थोडा, आणि वादन सुमारें सदतीस मिनिटें अखंड चाललेलें, असा तो प्रकार. या एकाच ध्वनिमुद्रिकेवर त्या एकाच अंकांत दोन परीक्षणें छापलीं गेलीं. एका परीक्षकानें तिला पूर्ण पांच तारे दिले. दुसऱ्यानें एकहि दिला नाहीं. आतां गणिताच्या रीतीनें सरासरी काढली तर अडीच तारे येतात. परंतु अडीच ताऱ्यांचें संगीत त्या दोघांपैकीं एकानेंहि ऐकलें नव्हतें! हे दोन्ही लेख शेजारीं शेजारीं छापणाऱ्या संपादकाचें आम्हांस कौतुक वाटतें. त्यानें वाचकाला निकाल दिला नाहीं, दोन साक्षी दिल्या.

साक्ष आणि निवाडा यांतील हा भेद आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे. न्यायाधीशाचा निकाल आपण शिरसावंद्य मानतों. साक्षीदाराला मात्र उलट विचारतों कीं, बाबा रे, तूं त्या वेळीं कोठें उभा होतास, उजेड किती होता, तुला काय दिसलें? टीकाकाराला हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. १९६७ सालच्या जून महिन्यांत बीटल्स या इंग्रज चौकडीचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम निघाला, तेव्हां बहुतेक वृत्तपत्रांनीं त्याची स्तुति केली; परंतु 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रांत रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण टीकाकारानें त्यावर कडक टीका केली, आणि त्याबद्दल वाचकांचा मोठा रोष ओढवून घेतला. पुढें त्यानें स्वतःच सांगितलें कीं, आपल्या घरच्या यंत्राचा एक स्पीकर त्या वेळीं बिघडलेला होता! दोन बाजूंनीं निरनिराळे ध्वनि ऐकूं यावेत अशी ज्या ध्वनिमुद्रिकेची रचना, ती त्यानें अर्धवट ऐकली असली पाहिजे. अर्थात् त्याचे सर्वच आक्षेप त्या एका स्पीकरवर ढकलतां येणार नाहींत, आणि प्रवाहाविरुद्ध आपलें मत मांडण्याचें धैर्यहि लहान नव्हे. परंतु वाचकापुढें जें आलें तें मत होतें. स्पीकरची हकीकत आली नाहीं.

अलीकडचें एक उदाहरण याहून बोलकें आहे. 'पिचफोर्क' या अमेरिकन संकेतस्थळावर अल्बमांना दहांपैकीं गुण मिळतात, आणि तेहि दशांशापर्यंत मोजून. या संस्थेनें २०२१ सालच्या ऑक्टोबरांत आपल्याच जुन्या परीक्षणांतील एकोणीस अल्बमांचे गुण बदलून प्रसिद्ध केले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी' या २००१ सालच्या अल्बमाला पूर्वीं ६.४ गुण होते. ते एकदम १० झाले. लिझ फेअर या गायिकेच्या २००३ सालच्या अल्बमाला पूर्वीं चक्क शून्य गुण मिळाला होता. त्याचे ६ झाले. कांहीं अल्बमांचे गुण उतरलेहि. संगीत होतें तें तसेंच होतें. एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. मग दशांशाच्या त्या काट्यानें नेमकें काय तोललें होतें? तथापि नवे गुण तेवढे खरे आणि जुने खोटे, असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. वीस वर्षांनीं दिलेल्या गुणांत त्या वीस वर्षांत लोकांनीं केलेल्या वाखाणणीचाहि वाटा असतोच. पहिल्या मतांत घाई असते, तर मागाहूनच्या मतांत गर्दी असते. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. लिझ फेअर हिला शून्य गुण देणाऱ्या टीकाकारानें २०१९ सालीं, म्हणजे गुण बदलण्यापूर्वीं दोन वर्षें, तिची जाहीर क्षमा मागितली होती. तसें करण्यास त्याला कोणीं भाग पाडलें नव्हतें.

टीकाकारांचें सोडा, खुद्द कलावंताचें आपल्या कृतीविषयींचें मत तरी कोठें कायम राहतें? ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकानें बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चें ध्वनिमुद्रण १९५५ सालीं केलें, आणि पुढच्या वर्षीं निघालेल्या त्या तबकडीनें तो जगप्रसिद्ध झाला. जगाचें समाधान झालें, त्याचें झालें नाहीं. १९८१ सालीं त्यानें तीच रचना पुन्हां वाजवून मुद्रित केली. पहिलें वादन सुमारें अडतीस मिनिटांचें. दुसरें एकावन्न मिनिटांचें. पंचविशी न ओलांडलेला मुलगा ज्या वाटेनें धांवत गेला, त्याच वाटेनें पन्नाशीच्या उंबरठ्यावरील माणूस चालत गेला. रसिक आजहि दोन्ही ऐकतात आणि वाद घालतात. तें योग्यच आहे.

आतां आमचीच गोष्ट सांगतों. ती सांगितल्यावांचून हें सारें परोपदेशे पांडित्य ठरेल.

सुमारें सहा वर्षांपूर्वीं एका तरुण गायिकेचा पहिलाच अल्बम आमच्याकडे अभिप्रायासाठीं आला. त्यांत मारवा रागांतील एक विलंबित ख्याल, त्याला जोडून द्रुत बंदिश आणि शेवटीं एक ठुमरी होती. मजकूर छापखान्याकडे धाडण्याची मुदत संपत आली होती. आम्हीं तो अल्बम आगगाडीच्या प्रवासांत, कानांत इयरफोन घालून, एकदांच ऐकला, आणि घरीं येतांच लिहिलें कीं, 'गळा तयार आहे; परंतु गाणें रूक्ष असून त्याला बैठक नाहीं.' वाक्य लिहून झाल्यावर तें आम्हांस मोठें नेटकें वाटलें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

पुढें दोन वर्षांनीं वहिनींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली व त्यांना कित्येक आठवडे घरींच बसून राहावें लागलें. पुतण्यानें त्यांच्या खोलींत एक चांगला स्पीकर आणून ठेवला. एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास आम्ही विचारपूस करावयास गेलों, तों तेथें मारवा चालला होता. गाणारी कोण हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं. आम्ही दाराशींच उभे राहिलों. तंबोऱ्याचा षड्ज खोलीभर भरून राहिला होता, आणि गायिका कोमल ऋषभ व धैवत यांच्या आसऱ्यानें त्या षड्जाभोंवतीं फिरत होती. जवळ येई, आतां टेकेल असें वाटे, आणि पुन्हां दूर जाई. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बसा ना. ही मुलगी षड्जाची फार वाट पाहावयास लावते. दिवे लागले तरी घरचें माणूस परतलें नाहीं, म्हणजे जीव कसा दाराकडे लागतो, तसें होतें." आम्हीं गायिकेचें नांव विचारलें. तें ऐकून आम्ही खालीं बसलों ते बसलोंच.

मारव्यांत पंचम वर्ज्य, आणि षड्जहि गायक बेतानेंच घेतो. परंतु तो गळ्यांत नसला तरी तंबोऱ्यांत सतत असतो, आणि या दोहोंमधील ताणांतच त्या रागाची व्याकुळता आहे. आगगाडीच्या खडखडाटानें आमच्या कानांतील तंबोरा पार गिळून टाकला होता. षड्जच जर ऐकूं आला नाहीं, तर त्याच्यापासून दूर राहण्यांतील हुरहुर कोठून ऐकूं येणार? बैठक नव्हती ती आमच्या ऐकण्याला. हें आम्हांस त्याच संध्याकाळीं कळलें. तरीहि आम्ही गप्प राहिलों. चुकलेलें मत मागें घेण्यास निमित्त लागतें, आणि निमित्त नसलें कीं माणूस काळावर हवाला ठेवून मोकळा होतो.

गेल्या हिंवाळ्यांत एका खासगी बैठकींत ती गायिका भेटली. आम्हीं आपलें नांव सांगितलें. ती नमस्कार करून शांतपणें म्हणाली, "आपला अभिप्राय बाबांनीं कापून ठेवला होता. माझ्याबद्दल छापून आलेलें तें पहिलेंच होतें." त्यांत तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर आम्हांस कांहीं तरी उत्तर देतां आलें असतें.

मग टीका लिहूंच नये कीं काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडे केशवराव भोळे यांनीं 'एकलव्य' या टोपणनांवानें गायकांविषयीं लिहिलें, तें आजहि वाचावेसें वाटतें. ते स्वतः संगीतकार होते. १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या बोलपटाचें संगीत त्यांचेंच. आवाज कसा लागतो, स्वर कसा लावला जातो, ताना कोणत्या जातीच्या, हें ते सांगतात. म्हणून त्यांचें मत न पटलें तरी त्यांच्या लेखानें आपला कान तयार होतो. असा अभिप्राय वाचकाला ऐकावयास लावतो. नुसता अंक त्याला ऐकण्यांतून सुटका देतो. आमच्या घरांत तरी अभिप्राय वाचण्याची रीत आम्हीं आतां बदलली आहे: आधीं ऐकावें, मग वाचावें, आणि वाचून झाल्यावर पुन्हां एकदां ऐकावें.

या सदरापुरता आमचा निश्चय असा कीं, यापुढें कोणताहि अल्बम निदान तीन वेळां ऐकल्यावांचून, आणि त्यांतील एकदां तरी घरीं निवांत बसून ऐकल्यावांचून, त्यावर लिहावयाचें नाहीं. तो किती वेळां व कसा ऐकला, हेंहि अभिप्रायाबरोबरच लिहूं. आणि मारव्याच्या त्या अल्बमाबद्दल आम्हीं जें लिहिलें होतें, तें आज येथें परत घेतों. त्यांतील विलंबित ख्याल स्वस्थ चित्तानें, दिवेलागणीला, तंबोरा नीट ऐकूं येईल अशा बेतानें ऐकण्याजोगा आहे. ठुमरी आम्हांस अजूनहि किंचित् घाईची वाटते, आणि हें मत पांच वेळां ऐकून दिलेलें आहे. त्या वडिलांनीं जुनें कात्रण जपून ठेवलें असेल तर हें कात्रणहि त्याच्या शेजारीं ठेवावें, अशी त्यांस विनंति आहे.

पुतण्यानें त्या दिवशीं रात्रीं तो नऊ गुणांचा अल्बम ऐकला. कसा वाटला म्हणून आम्हीं दुसऱ्या दिवशीं विचारलें, तों वहिनींकडे पाहत तो म्हणाला, "अजून एकदां ऐकतों, मग सांगतों."