सायकलीचें कुलूप

आमच्या मुलुंडच्या घरीं स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं एक खुंटी आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत तिच्यावर एक जाड पोलादी साखळी कुलुपासह लोंबत असे. चांगली किंमत मोजून घेतलेली. वजन दीड किलोच्या खालीं खास नव्हतें. जिच्यासाठीं ती घेतली ती सायकल मात्र आषाढांतील एका संध्याकाळीं स्टेशनाजवळून नाहींशी झाली. पुतण्या खालीं मान घालून म्हणाला, "काका, दोन मिनिटांचें काम होतें, म्हणून साखळी नेली नाहीं." त्याजवर रागें भरणार तोंच आम्हांस आठवलें कीं, आदल्या आठवड्यांत भाजी आणावयास जातांना आम्हीहि ती तेथेंच ठेवून गेलों होतों. तेव्हां बोलण्यास तोंड राहिलें नाहीं!

कुलूप घेतांना तें किल्लीवांचून उघडतां येऊं नये, एवढीच परीक्षा आपण करतों. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें ब्रामाचें अजिंक्य मानलेलें कुलूप उघडून दाखविलें, त्यास सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. आमच्या शेजारीं विक्रोळीस ज्यांच्या घराण्याचा कारखाना पुढें उभा राहिला, त्या अर्देशिर गोदरेज यांनीं वकिली सोडून १८९७ सालीं मुंबईंत कुलुपें करण्यास आरंभ केला. त्यांचाहि लौकिक भरंवशाच्या कुलुपावरच वाढला. घराच्या दारास ही परीक्षा योग्य आहे, कारण घर कोणी उचलून नेत नाहीं. सायकलीचा चोर हा हॉब्ज नव्हे. तो किल्लीच्या भानगडींत सहसा पडत नाहीं. एक तर कापतो, नाहीं तर उचलतो.

मागच्या चाकावर कायमचें बसविलेलें नालाच्या आकाराचें कुलूप सर्वांच्या परिचयाचें आहे. सोयीच्या दृष्टीनें त्यास तोड नाहीं. तें घरीं विसरतां येत नाहीं, आणि बहुतेकांत कुलूप उघडें असेपर्यंत किल्ली आंतच अडकून राहते. परंतु त्यानें चाक तेवढें अडतें. सायकल कशासहि बांधलेली नसते. जुनी काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते. दोघांनीं ती टेंपोंत चढविली तर पाहणारास वाटावें, दुरुस्तीसच नेत आहेत! आमची गेली ती अशीच गेली असावी.

प्लॅस्टिकचें वेष्टण घातलेल्या तारेच्या कुलुपाविषयीं आमचें मत बरें नाहीं. तें जाड दिसतें तें वेष्टणामुळें. आंतील बारीक तारांचा पीळ चांगल्या कातरीपुढें टिकत नाहीं. त्यांतहि आंकड्यांचें कुलूप एकत्र कुटुंबास सोयीचें खरें, कारण एका सायकलीवर चौघे बसणारे असले म्हणजे किल्ली नेमकी पांचव्याच्या खिशांत सांपडते. पण तीन आंकड्यांचे मेळ होतात एक हजार. एका मेळास दोन सेकंद धरले तरी अर्ध्या तासाच्या थोडें वर सगळें काम संपतें. चार आंकड्यांस साडेपांच तास लागतील. मात्र आजोबांचें जन्मवर्ष ठेवूं नये.

इंग्रजी यू अक्षरासारखें पोलादी कुलूप पुष्कळच भक्कम. (त्यांतील गोल किल्लीचीं कांहीं कुलुपें बॉलपेनच्या पोकळ नळीनें उघडतात, असें २००४ सालीं अमेरिकेंत उघडकीस आलें आणि कंपनीस तीं बदलून द्यावीं लागलीं.) अडचण वेगळीच आहे. स्टेशनाबाहेरील कठड्याचा नळ त्याच्या कवेंत मावेलच असें नाहीं. साखळी वाटेल त्या खांबास वळते.

म्हणून नवी सायकल घेतांना आम्हीं दोन्ही ठेवलीं. दुकानाच्या दारांत, सायकल डोळ्यांसमोर असतांना, चाकाचें कुलूप पुरे. सकाळीं आठास लावलेली सायकल जेथें रात्रीं आठापर्यंत राहावयाची, मग तें स्टेशन बोरिवलीचें असो कीं घाटकोपरचें, तेथें साखळी हवीच. आणि ती नुसत्या पुढच्या चाकांतून नव्हे, कारण तें चाक सोडून ठेवून बाकीची सायकल नेतां येते. मागचें चाक, सांगाडा आणि खांब हीं तिन्ही एका वेढ्यांत यावींत. त्यास हातभर साखळी अपुरी पडते. आम्हीं मीटरभर घेतली. ती जमिनीवर लोळूं देऊं नये, नाहीं तर फरशीवर ठेवून घणानें फोडणें सोपें जातें. किल्लीचें भोंक खालच्या बाजूस ठेवावें. आपल्या उपनगरांत पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तो सगळा नाहीं तरी त्यांतला बराच त्या भोंकांत जातो. मृगापूर्वीं शिवणयंत्राचें पातळ तेल दोन थेंब सोडावें. आमच्या वहिनींनीं एकदां खोबरेल घातलें, तें थंडींत थिजून किल्ली फिरेना!

दुसरी किल्ली त्याच कडींत अडकवूं नये, हें सांगावयास नको. तरी आमच्या घरीं ती तशीच होती. आणखी एक. सायकलीच्या सांगाड्यावर, बहुधा पायट्यांच्या आसाखालीं, एक नंबर कोरलेला असतो. पोलीसठाण्यांत तो विचारला तेव्हां आम्ही काका-पुतणे एकमेकांकडे पाहत राहिलों. आतां तो हिशेबाच्या वहींत पहिल्या पानावर आहे, खालीं पावतीहि डकवली आहे.

साखळी हल्लीं बैठकीखालीं सायकललाच गुंडाळलेली असते. चार दिवस पुतण्या वजनाची कुरकूर करी, हल्लीं करीत नाहीं. खुंटीवर छत्री असते.