साखळीचे दुसरे टोक

सकाळी सहाच्या सुमारास दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत फेरी मारणाऱ्यास अलीकडे एक दृश्य वरचेवर दिसते. तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण आणि त्याच वयाची एक तरुणी समोरासमोर येतात. दोघांच्याही हाती साखळ्या असतात आणि साखळ्यांच्या टोकांना कुत्री. ओळख प्रथम होते ती कुत्र्यांची. मग नावांची विचारपूस होते आणि तीही कुत्र्यांच्याच नावांची; माणसांची नावे विचारण्यास पंधरवडा उलटावा लागतो. पुढे फेऱ्या बरोबरीने होऊ लागतात, फेरीनंतरचा चहाही बरोबरीने होऊ लागतो, आणि असे वर्ष लोटल्यावर एखादा आप्त ‘आता पुढे काय?’ असे विचारतो, तेव्हा दोघेही लगबगीने आपापल्या कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा नीट करू लागतात.

शहरी प्रेमकथेचा हा नवा नमुना आता साहित्य-चित्रपटांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. खरे तर कुत्र्याने मध्यस्थाची भूमिका करावी ही कल्पना जुनीच. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९६१ मध्ये काढलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटात पाँगो नावाचा कुत्रा आपल्या धन्याला लंडनमधील एका बागेत ओढीत नेतो, साखळीचा तिढा घालून एका तरुणीसह त्याला तळ्यात पाडतो आणि त्यातून लग्न जमते. आपल्याकडे १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात टफी नावाच्या कुत्र्याने नायिकेची चिठ्ठी नायकाच्या थोरल्या भावाच्या हाती नेऊन दिली आणि ऐन मांडवात होऊ घातलेला अनर्थ टळला. त्या कथांत कुत्र्याचे काम लग्न जमविण्यापुरते होते. नव्या कथांत मात्र कुत्रा लग्नाऐवजी आहे की काय, असा संशय वडीलधाऱ्यांना येऊ लागला आहे. हा संशय हसण्यावारी नेण्याजोगा असला, तरी त्यामागचा प्रश्न तसा नाही.

या तरुणांच्या अडचणीला इंग्रजीत ‘कमिटमेंट’ची भीती म्हणतात आणि मराठी बोलतानाही तोच शब्द वापरला जातो. त्याला ‘बांधिलकी’ हा शब्द आपल्याकडे होता. परंतु तो लेखक-विचारवंतांनी समाजाच्या नावे इतका राबविला, की दोन माणसांच्या खासगी वापरासाठी तो उरलाच नाही. शब्द कोणताही घ्या, भीती खरी आहे. नोकरी आज या शहरात तर उद्या त्या. घराचा भाडेकरार अकरा महिन्यांचा. ओळखीच्या चार संसारांतील दोन कुरबुरीत सापडलेले. अशा स्थितीत जन्माचे वचन देण्यास जीभ अडखळली, तर तो निव्वळ बेजबाबदारपणा ठरत नाही.

मौज अशी की, हीच माणसे कुत्र्याच्या बाबतीत बेधडक वचन देतात. कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे. तेवढ्या काळात सकाळ-संध्याकाळची फेरी चुकत नाही, मग मुंबईचा जुलै कोसळत असला तरी. दरवर्षी रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना, आजारपणात रात्रीची जागरणे, सुट्टीत गावी जायचे तर सांभाळणाऱ्याचा शोध हे सारे त्यात आलेच. बिऱ्हाडासाठी वणवणही आलीच. कारण अविवाहितांना आणि कुत्रेवाल्यांना जागा देताना घरमालकांच्या कपाळाला सारख्याच आठ्या पडतात. गृहनिर्माण संस्थांना कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये बजावले. दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहाविना एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. तरीही जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याची नजर ना त्या पत्रकाने बदलली, ना त्या निकालाने. एवढा त्रास सोसून जो कुत्रा सांभाळतो, त्याला बंधनाची भीती वाटते असे म्हणणे धाडसाचे होईल.

मग त्याला भीती वाटते ती कशाची? कुत्रा पत्रिका मागत नाही, मानपान मागत नाही, त्याला मावश्या आणि आत्या नसतात. वचनाचा उच्चारही तो मागत नाही. उद्याची सकाळ तेवढी मागतो. वचन एकदम जन्माचे द्यावयाचे झाले की छाती दडपते. तेच एकेका सकाळीच्या हप्त्याने द्यावयाचे झाले की नकळत दहा वर्षे फिटून जातात. या नात्याला केवळ लाड म्हणून मोडीत काढणेही बरोबर नव्हे. कुत्रा आणि त्याचा पालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. आई आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्याशीही हेच संप्रेरक निगडित आहे.

तथापि, येथे एक गोष्ट या तरुणांच्या कानी घातली पाहिजे. कुत्र्याचे प्रेम सोपे असते, कारण कुत्र्याला दुसरा पर्याय नसतो. तो धन्याच्या नोकरीबद्दल मत देत नाही, स्वतःची बदली दुसऱ्या शहरी करून घेत नाही आणि रुसला तरी बिस्किटाने मानतो. माणसाला स्वतःची इच्छा असते आणि ती आपल्या इच्छेला छेद देऊ शकते. तशी छेद देणारी इच्छा सांभाळून घेण्याची कसोटी कुत्र्याच्या सहवासात लागत नाही. जो कुत्रा उत्तम सांभाळतो तो जोडीदारही उत्तम सांभाळील, असा निष्कर्ष म्हणूनच घाईचा आहे.

पण मग वडीलधाऱ्यांची बाजू तरी कितपत निर्दोष आहे? ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ असे म्हणणाऱ्या पिढीचे वचन पक्के होते, यात शंका नाही. परंतु त्या वचनानंतर रोजची सकाळ कोणाच्या वाट्याला आली? पाणी भरणे, डबे करणे, तापलेल्या मुलाच्या उशाशी बसणे ही कामे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीने केली आणि ती व्यक्ती कोण, हे सांगावयास नको. वचन दोघांचे आणि राबणे एकीचे, असा तो व्यवहार होता. उलट शिवाजी पार्कवरचा तो तरुण सकाळची फेरी स्वतः करतो, संध्याकाळची ती करते आणि डॉक्टरांकडे दोघे मिळून जातात. यांच्याकडे कामाची वाटणी आहे, वचन नाही; त्यांच्याकडे वचन होते, वाटणी नव्हती. दोन पिढ्यांनी एकेक अर्धुक जपले आहे आणि प्रत्येक जण आपले अर्धुक पूर्ण समजून दुसऱ्याला हसतो आहे.

वचनाविना चाललेल्या या संसाराची खरी किंमत कोणाला मोजावी लागते, ते नाते तुटते तेव्हा दिसते. दोघांनी हौसेने मिळून आणलेला कुत्रा मग कोणाकडे जाणार? स्पेनने २०२१ मध्ये कायदा बदलून विभक्त होणाऱ्या जोडप्याच्या पाळीव प्राण्याचे हित पाहण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली. कॅलिफोर्नियातही २०१९ पासून घटस्फोटाच्या वेळी प्राण्याची देखभाल कोण करील, याचा विचार न्यायाधीशाला करता येतो. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा ठरविला खरा; पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. शिवाय ज्यांनी लग्नच केले नाही, त्यांचे भांडण घटस्फोटाच्या न्यायालयात जाणार तरी कसे? दोघे आपापल्या वाटेने जातात आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी दाराशी जाऊन बसणाऱ्या त्या मुक्या जिवाला, एक पाऊल ऐकू का येत नाही, हे कोणी समजावून सांगू शकत नाही. ‘आम्ही कोणतेच वचन दिले नव्हते’ हा खुलासा माणसांना पुरेल. कुत्र्याने ते वचन केव्हाच गृहीत धरलेले असते.

या संदर्भात महाभारताच्या महाप्रस्थानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत कोसळले, तेव्हा युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता पुढे चालत राहिला. आणि स्वर्गाच्या दाराशी मात्र एका कुत्र्यासाठी अडून बसला. पत्नी आणि भाऊ सोडलेस, मग हा कुत्रा का सोडवत नाही, असे इंद्राने त्याला विचारले. आजचे आईबापही आपल्या मुलांना याहून वेगळे काही विचारीत नाहीत. त्यावर युधिष्ठिराचे उत्तर असे की, ती सारी जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. मृतांना परत आणणे माझ्या हाती नव्हते. परंतु जो जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आला आहे, त्याला मी टाकणार नाही. युधिष्ठिराच्या या उत्तरात कुत्रा आणि माणूस यांना वेगळा न्याय नाही. जिवंतपणी साथ न सोडणे, हा एकच नियम दोघांना लागू आहे.

शिवाजी पार्कवरच्या त्या दोघांनी लगेच बोहल्यावर चढावे, असा आग्रह कोणी धरू नये. तो निर्णय त्यांचा आहे, आणि घाईने बांधलेल्या गाठी आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. पण सहाच्या गजराला उठून पावसात बाहेर पडण्याइतके धैर्य आपल्याजवळ आहे, हे त्यांनी रोज सिद्ध केले आहे. त्यातले थोडे धैर्य परस्परांशी स्पष्ट बोलण्यासाठी खर्चण्यास हरकत नसावी. निदान तिसरा कुत्रा दोघांच्या नावे आणण्यापूर्वी तरी हे बोलणे व्हावे. कुत्र्याला धरून ठेवावे म्हणून साखळी असते खरी. परंतु तिचे दुसरे टोक माणसाच्या हातात असते आणि दहा वर्षे तोही बांधलेलाच राहतो. याची सवय ज्यांना झाली आहे, त्यांनी बंधनाला भिण्याचे फारसे कारण उरलेले नाही.