फोटोतला शिपाई आणि आपली घाई

जुन्या लष्करी फोटोत दाढीवाला, फेटेवाला शिपाई दिसला की त्याच्याखाली 'पठाण' किंवा 'पंजाबी मुसलमान' असे लिहून मोकळे व्हायचे, ही सवय थांबली पाहिजे. पलटण मराठा आहे एवढे कळताच शिपाई हिंदूच असणार असे धरून चालणेही थांबले पाहिजे. या दोन घाईंच्या मधल्या फटीत आपला माणूस नाहीसा होतो. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणारा मुसलमान शिपाई फोटोत असतो, पण फोटोखालच्या ओळीत नसतो.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणींत आठांपैकी दोन कंपन्या दख्खनी मुसलमानांच्या असत. म्हणजे चौथा हिस्सा! यांपैकी 103, 110 आणि 117 या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि कूत-अल-अमारा येथे अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ला पडलेला वेढा 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला. सुमारे 13 हजार सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. माझ्या वर्गातल्या मुलांना टिपू सुलतान आणि चाँदबीबी माहीत आहेत. या शिपायांचे नाव सोडाच, ते होते हेसुद्धा त्यांना कोणी सांगितलेले नाही.

हे नाव पुसण्याचे काम आधी साहेबाने केले. 1911 साली 'द आर्मीज ऑफ इंडिया' हे पुस्तक निघाले. चित्रे लव्हेटची, मजकूर मॅकमनचा. बहुतेक चित्रांखाली पलटण आणि जमात आहे, माणसाचे नाव नाही. पाखरांच्या जाती सांगाव्यात तसा हा प्रकार. मेल्यावरही तोच हिशेब. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या 1927 च्या स्मारकावर 4,700हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण तिथे नाव मिळाले ते इंग्रजांना आणि हिंदी अधिकाऱ्यांना. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीपुढचा आकडा आला. युद्धकबर आयोगाने हा भेदभाव 2021 च्या आपल्या अहवालात कबूल केला. साहेबाच्या वारसांनी चूक मान्य केली आणि आपण मात्र अजून चेहऱ्यावरून जमात ओळखतो आहोत!

चेहरा हा पुरावा नव्हे. दाढी शीख ठेवत, राजपूत ठेवत, मुसलमानही ठेवत. फेटा कसा बांधायचा हे पलटण ठरवी, शिपाई नव्हे. त्याचा रंगही फोटोवरून सांगता येत नाही, कारण त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर निळा रंग फिका आणि लाल रंग काळपट उमटे. पाहायचे ते खांद्यावरची पितळी अक्षरे, गळपट्टीवरचा बिल्ला, बाहीवरच्या फिती, छातीवरची पदके. अक्षरांत 110 दिसले तर फोटो 1903 ते 1922 मधला, कारण हा क्रमांक 1903 ला मिळाला आणि 1922 ला गेला. त्यानंतर या पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये आल्या. मग पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा छाप पाहा. आणि शेवटी फोटो उलटा करा.

इथे आपला स्वतःचा गुन्हा सुरू होतो. फोटोच्या मागे कधी उर्दूत, कधी मोडीत दोन ओळी असतात. नातवाला उर्दू येत नाही आणि मोडी तर कोणालाच येत नाही. नमाजाच्या खोलीत तसबीर नको म्हणून फोटो पेटीत गेला आणि पेटीत वाळवी लागली. पदकाचे तर विचारूच नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. फोटो ओळखायला याहून पक्का दुवा कोणता? पण ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे. अडीअडचणीत ते सोनाराच्या मुशीत गेले. चांदी तोळ्यावर मोजली गेली, कडेवरचे नाव कोणी वाचले नाही.

आता दोन आक्षेप. आपल्यातलेच काही म्हणतात, तो इंग्रजांचा चाकर, खलिफाच्या फौजेवर गोळी झाडणारा. त्याला कशाला उकरता? मग फेब्रुवारी 1916 मध्ये बसऱ्यात पुढे कूच करायला नकार देऊन शिक्षा भोगणारे 15व्या लान्सर्सचे मुसलमान सवार कोण होते? तेही त्याच सरकारच्या वर्दीत होते. वर्दीवरून मन कळत नाही. आधी माणूस तर ओळखा, निवाडा मग करा.

दुसरा आक्षेप अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. काही जणांना हा शिपाई हवा आहे तो देशभक्तीचा दाखला म्हणून. समारंभात फोटो उंचावून दाखवायचा आणि म्हणायचे, पाहा, आम्हीही लढलो! मेलेल्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा धंदा मला मान्य नाही. इथे राहायला आपल्याला कोणाच्या पदकाची गरज नाही. त्याला नाव द्यायचे ते त्याचे आहे म्हणून, आपल्या कामाचे आहे म्हणून नव्हे. आणि पुरावा नसेल तर तो शिपाई आपला म्हणून पळवायचाही नाही. 'ओळख पटलेली नाही' असे प्रामाणिकपणे लिहावे.

पंजाबमधल्या सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची नोंदपुस्तके लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. ती 2021 पासून लोकांसाठी खुली होऊ लागली आणि आता नातवंडे गाव शोधून आजोबांचे नाव काढतात. आपल्याकडे पेट्या आहेत. त्या उघडा. फोटोची दोन्ही बाजूंनी प्रत काढा, पेन्शनचे कागद सांभाळा, पदकाची कड भिंगाखाली धरा. मागचे उर्दू वाचता येत नसेल तर जवळच्या उर्दू शाळेत या. आम्ही शिक्षक वाचून देऊ, फी लागणार नाही. फक्त हे काम वाळवीच्या आधी करा.