नक्कल : मेहेरबानी की हक्क?

'शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण लहानपणापासून आपल्या कानावर पडते. कज्जेदलालीत पैसा जातो, उमेद जाते, सख्खी नाती तुटतात, हे कोणी नाकारणार नाही. पण ज्याच्या धुऱ्यावर शेजाऱ्याने नांगर फिरवला, ज्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही, त्यांना शहाणपण परवडत नाही. त्यांना पायरी चढावीच लागते. माझा प्रश्न त्या पुढचा आहे. वर्षानुवर्षे खेटे घालून ज्याने निकाल मिळवला, त्याच्या हाती शेवटी काय राहते? एक कागद राहायला हवा. तो कागद म्हणजे निकालाची नक्कल. आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत नेमका तोच नसतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. माझे आजोबा निरक्षर होते. शेताच्या एका पट्टीवरून आणि बैलगाडीच्या वाटेवरून त्यांनी शेजाऱ्याविरुद्ध दावा लावला होता. १९८९ साली त्याचा निकाल लागला. 'अर्धी केस जिंकलो, अर्धी हरलो' एवढेच आजोबांना कोणीतरी सांगितले आणि तेवढेच ते आम्हा सर्वांना सांगत राहिले. कोणती अर्धी जिंकली, हे त्यांना मरेपर्यंत कळले नाही. दोन वर्षांपूर्वी वाटेवर पुन्हा काटेरी कुंपण आले तेव्हा बाबा म्हणाले, "जुना निकाल काढून आणू." आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा कागदाचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

ज्या तालुका कोर्टात आम्ही गेलो त्याचे नाव मी येथे घेत नाही; कारण ते एकच तसे असेल असे मला वाटत नाही. खिडकीवर पहिला प्रश्न आला, "नंबर?" दाव्याचा नंबर आणि साल सांगितल्याशिवाय रेकॉर्ड रूममधले गाठोडे सापडत नाही. ते बरोबरही आहे. हजारो गाठोडी कोण उलगडणार? पण नंबर कोठे मिळेल, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते, तशी पाटीही नव्हती. बाहेर झाडाखाली बसलेल्या अर्जनविसाने एका पानाच्या अर्जाचे पाचशे रुपये मागितले. नंबर शोधण्याचे वेगळे.

शेवटी नंबर मिळाला तो पटवाऱ्याच्या दप्तरात. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, यात कोर्टाच्या हुकमाचा एका ओळीत उल्लेख होता. नंबर, साल, कोर्टाचे नाव, सारे त्यात होते. मग अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, आम्ही वादीचे वारस असल्याचे कागद जोडले, आणि चौथ्या खेपेला नक्कल हाती आली. अकरा पाने, सारी इंग्रजीत. बाबा म्हणाले, "पोरी, वाच बरं, काय लिवलं हाये यात?" शब्दकोश घेऊन मी दोन रात्री ती पाने वाचली.

आजोबा काहीच हरले नव्हते. पट्टीचा ताबा त्यांना द्यावा आणि वाटेला प्रतिवादीने कधीही अडथळा करू नये, असे दोन्ही हुकूम त्यांच्या बाजूने होते. नामंजूर झाली होती ती फक्त नुकसानभरपाई. पण ताब्याचा हुकूम अंमलात आणण्यासाठी वेगळी दरखास्त करावी लागते आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने त्यासाठी बारा वर्षे दिली आहेत. ती २००१ मध्येच संपली. पट्टी गेली. वाट मात्र राहिली, कारण कायमच्या मनाईहुकमाच्या अंमलबजावणीला त्याच कायद्याने मुदत ठेवलेली नाही. निकाल जिंकूनही केवळ तो वाचता न आल्यामुळे जमीन जावी, याला दैव म्हणायचे काय? मी तरी म्हणणार नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अक्षरशत्रू शेतकरी सरकारी कचेरीत शिरला की कसा नागवला जातो, हे त्यांनी त्यात मांडले. आज कायदा बदलला आहे, राज्य बदलले आहे. मग आपल्याला कायद्याने काय दिले आहे, ते तरी आपण नीट पाहिले पाहिजे.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रती पक्षकाराने अर्ज करताच त्याच्या खर्चाने द्याव्यात, असे तिच्या विसाव्या आदेशातील विसावा नियम सांगतो. न्यायालयाचे अभिलेख हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि ज्याला ते पाहण्याचा हक्क आहे त्याला फी भरून प्रमाणित प्रत मिळालीच पाहिजे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे तत्त्व होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या पंच्याहत्तराव्या कलमात ते कायम आहे. म्हणजे नक्कल ही बाबूंची मेहेरबानी नव्हे. तो हक्क आहे.

नक्कल हाती आली की तिच्यावरचा शिक्काही वाचावा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा त्यात असतात. त्या शोभेच्या नाहीत. तालुका कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात आणि नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जातो. एका तारखेवर अपील तरते किंवा बुडते. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

नागपूरकरांपुढे भाषेची अडचण विशेष आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्यापूर्वीच्या मध्य प्रांताच्या काळापासूनचे कागद इंग्रजीत आहेत, हिंदीत आहेत, मराठीत आहेत. मराठी कागदांतही 'कैफियत', 'दरखास्त', 'निशाणी', 'रोजनामा' असे शब्द येतात. कोर्टात निशाणी म्हणजे आठवण म्हणून जपलेली वस्तू नव्हे. दाव्यात दाखल झालेल्या कागदाला दिलेला क्रमांक! महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ साली निघाली. फार चांगले झाले. पण १९९८ पूर्वी निकाल लागलेल्यांच्या नातवंडांनी काय करावे? त्यांच्या हाती पडणारा कागद बहुधा परक्या भाषेतलाच असणार.

"आता सारे संगणकावर आहे," असे कोणी म्हणेल. ई-कोर्ट प्रकल्प २००७ पासून सुरू आहे. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, पक्षकाराच्या नावावरूनही शोध घेता येतो, मोबाईलवर पुढची तारीख कळते. ही सोय मोठी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. २०२३ साली केंद्र सरकारने तिसऱ्या टप्प्याला सात हजार दोनशे दहा कोटी रुपये मंजूर केले. जुन्या अभिलेखांचे डिजिटायझेशन हा त्याचाच भाग आहे. परंतु चालू दावा दिसणे वेगळे आणि आजोबांचा जुना दावा सापडणे वेगळे. पडद्यावर दिसणारी प्रत आणि शिक्क्याची प्रमाणित प्रत याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय सर्व कागद कायमचे राहत नाहीत. १९१७ च्या अभिलेख नाशाच्या कायद्याखाली उच्च न्यायालये नियम करतात आणि त्यांनुसार काही कागद जपले जातात, काही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट होतात. आमच्या दाव्यातले साक्षीदारांचे जबाब असेच गेले. उशीर करणाऱ्यासाठी गाठोडे थांबत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोणीही यावे आणि कोणाचाही कागद न्यावा, असे झाले तर नवरा-बायकोच्या भांडणाची, दत्तक मुलांची प्रकरणे चव्हाट्यावर येतील. जमिनीचे दलाल तर टपलेलेच असतात. म्हणून त्रयस्थाने कारण सांगावे, अशी अट न्यायालये घालतात. माहितीच्या अधिकाराने ही अट टाळता येईल काय, हा प्रश्न गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मार्च २०२० मध्ये उत्तर मिळाले, की न्यायालयीन कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागावेत. अमेरिकेत काउंटी कोर्टाच्या क्लार्ककडे जाऊन सामान्य दिवाणी दाव्याचे कागद कोणीही मागू शकतो. गोपनीय ठरवलेले तेवढे वगळतात. आपण तितके मोकळे व्हावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला त्रयस्थाकडून कारण मागणे गैर वाटत नाही. पण जो वादी आहे, प्रतिवादी आहे, त्यांचा वारस आहे, त्याला तरी अडथळा कशाला?

नक्कल शाखेतील कारकुनांनाच दोष देऊन मी मोकळी होणार नाही. नंबर नसलेला, नाव अर्धवट सांगणारा, साल विसरलेला माणूस रोज खिडकीवर उभा राहिला तर कोणाचाही जीव मेटाकुटीला येईल. दोष व्यवस्थेच्या मुकेपणात आहे. ती बोलत नाही, म्हणून दलाल बोलतात आणि बोलण्याचे पैसे घेतात.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक कोर्टाच्या दारात मोठ्या मराठी अक्षरांत पाटी हवी: नंबर कोठे शोधावा, अर्ज कसा लिहावा, फी किती, नक्कल किती दिवसांत मिळेल. अर्जाचा छापील नमुना फुकट मिळावा. जुन्या दाव्यांची गाववार आणि नाववार यादी करून ती संगणकावर चढवावी. आधी यादी, मग पानांचे फोटो. आणि इंग्रजी निकालासोबत शेवटच्या हुकमाचा तरी मराठी गोषवारा मागता यावा.

तोवर आपण काय करायचे? विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एक दिवस गावातले कागद वाचण्यासाठी का देऊ नये? घरोघरच्या ट्रंकेतले समन्स, नोटिसा, पावत्या पाहून दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट एका वहीत उतरवून देता येईल. कायद्याचा सल्ला आपण देऊ नये. ते आपले काम नाही. त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळू शकतो. त्या दारापर्यंत योग्य कागदासह माणूस पोहोचवणे एवढे आपल्याला नक्की जमेल.

प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती आहे. आपण आम्हाला राजांचा आणि तहांचा इतिहास शिकवता. १९५१ साली या भागातली मालगुजारी गेली, हे पुस्तकात एका वाक्यात येते. पण मालगुजार आणि कूळ यांच्यात काय भांडण होते, विहिरीचे पाणी कोणाच्या पाळीला होते, बहिणीने हिस्सा मागितला तेव्हा भाऊ काय म्हणाला, हे जुन्या कैफियतींत लिहिलेले असते. ज्यांनी आयुष्यात एक पत्रही लिहिले नाही, त्यांचे बोलणे फक्त तेथेच उतरवून ठेवले आहे. रीतसर परवानगी घेऊन इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना त्या गाठोड्यांपर्यंत नेता येणार नाही काय?

पहिल्या पिढीत शिकणाऱ्याकडून घरच्यांची अपेक्षा नोकरीची असते. ती रास्तच आहे. पण नोकरी लागेल तेव्हा लागेल. वाचता तर आजच येते. ज्या कागदावर आपल्या माणसांचा अंगठा आहे तो कागद आपण वाचावा, नसेल तर मागून आणावा, आणि मागताना मान खाली घालू नये. पदवीचा पहिला उपयोग हाच आहे, असे मला वाटते.