जिवंत आहे, पण तयार आहे का?

खरिपाच्या पेरण्या उरकल्या, की जालना जिल्ह्यात आणखी एक हंगाम सुरू होतो. तो अर्जांचा. पीकविमा, ई-पीक पाहणी, अनुदानाची केवायसी, मुलांची शिष्यवृत्ती अशी एकेक मुदत जवळ येते, आणि भोकरदनपासून परतूरपर्यंत सेवा केंद्रांसमोर चपलांचे ढीग दिसू लागतात. मग दिवसभरात एकच वाक्य कितीदा तरी कानावर पडते : 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' पाऊस लांबला, हे आपण जसे मुकाट्याने ऐकून घेतो, तसेच हे वाक्यही ऐकून घेतो. पण पाऊस कोणाच्या हातात नसतो, सर्व्हर असतो. तो कोसळू नये म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत जगाने एक चांगली व्यवस्था उभी केली आहे. ती समजून घेतली, तर सरकारकडे नेमके काय मागायचे हे आपल्याला कळेल. विषय थोडा तांत्रिक आहे. पण जालनेकरांना तो जड जाऊ नये, कारण त्याचे मूळ कंटेनरमध्ये आहे.

जालन्याच्या माणसाला कंटेनर नवा नाही. आपल्याकडे ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, तेव्हापासून तर हा शब्द घराघरांत पोचला. त्याआधी जगभर बंदरातला माल हमालांच्या पाठीवरून, गोणी-गोणीने, पेटी-पेटीने जहाजावर चढत असे. १९५६ साली माल्कम मॅकलीन या ट्रकव्यवसायातल्या अमेरिकन माणसाने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ मोठ्या अॅल्युमिनियमच्या पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पेटीत काय आहे, याच्याशी ट्रकला, आगगाडीला किंवा जहाजाला काही देणेघेणे उरले नाही. पेटी ठरलेल्या मापाची असली म्हणजे झाले.

संगणकाच्या जगात हेच घडले. पूर्वी एखादा प्रोग्राम तयार करणाऱ्याच्या संगणकावर नीट चाले आणि दुसरीकडे नेला की रुसून बसे. २०१३ साली आलेल्या 'डॉकर'ने प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एका पेटीत बांधण्याची रीत सोपी केली. या पेटीलाही नाव पडले कंटेनर. पुढच्याच वर्षी गूगलने 'कुबरनेटीस' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. त्या सुमारास एकट्या गूगलमध्ये आठवड्याला २०० कोटींहून अधिक कंटेनर सुरू केले जात होते! 'कुबरनेटीस' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणच्या भाषेत तांडेल.

हा तांडेल करतो काय? अनेक संगणक एकत्र जुंपलेले असतात. त्या समूहाला क्लस्टर म्हणतात. तांडेलाला सांगून ठेवायचे, की अर्ज घेणाऱ्या खिडकीच्या दहा प्रती कायम चालू राहिल्या पाहिजेत. एक बंद पडली, की तो माणसाला न उठवता दुसरी सुरू करतो. तशी सोय करून ठेवली असेल, तर गर्दी वाढताच दहाच्या तीस करतो. नवी सुधारणा आणायची असेल, तर सगळ्या खिडक्या एकदम बंद न करता एकेक करून बदलतो, आणि नवे बिघडले तर जुन्यावर परतता येते. नगरपालिकांची घरपट्टी, पाणीपट्टी यांसाठी बेंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाऊंडेशनने तयार केलेले 'डिजिट' हे सॉफ्टवेअर याच पद्धतीने बसवतात. तेव्हा हे ज्ञान परदेशात अडकून पडले आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. तांडेल प्रत्येक खिडकीला थोड्या थोड्या वेळाने दोन निरनिराळे प्रश्न विचारू शकतो. पहिला : जिवंत आहेस का? दुसरा : लोक घ्यायला तयार आहेस का? पहिल्याचे उत्तर आले नाही, तर ती खिडकी तो नव्याने सुरू करतो. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर खिडकी चालू असूनही तिच्याकडे माणूस पाठवत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा भेद लगेच पटतो. सकाळी रोखपाल खुर्चीत येऊन बसलेला असतो, पण स्ट्राँगरूममधून रोकड अजून आलेली नसते. माणूस हजर आहे. खिडकी मात्र तयार नाही.

आपल्या सरकारी कारभाराचे दुखणे नेमके इथे आहे. खाते सांगते, 'पोर्टल सुरू आहे.' ते खोटे नसते. पान उघडते, राजमुद्रा दिसते. पण घनसावंगीच्या शेतकऱ्याचा अर्ज शेवटच्या बटणापर्यंत जातो आणि चाक गरगर फिरत राहते. यंत्राला जो दुसरा प्रश्न विचारायचे सुचले, तो कारभाराला सुचत नाही.

खिडक्या वाढवल्या म्हणजे सारे सुटले, असेही नाही. खिडक्या तीस आणि तिजोरी एक, अशी स्थिती असेल तर रांग तिजोरीपाशी लागते. ही तिजोरी म्हणजे सर्व नोंदी ठेवणारा डेटाबेस. शिवाय आधारचा ओटीपी दुसऱ्याच संस्थेकडून यायचा असतो. साक्षीदार परगावी आणि दस्त इथे, अशी गत. म्हणून गर्दीची तयारी आधी करावी लागते. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी 'कोविन'वर लसीची नोंदणी उघडली, तेव्हा सुरुवातीला ते पोर्टल अडखळले; पण सावरले, आणि त्याच दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. पीकविम्याची शेवटची तारीख तर सरकार स्वतःच ठरवते. ती काही भूकंपासारखी अचानक येत नाही.

आता देखरेखीविषयी. 'प्रोमिथियस'सारखे सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी आकडे गोळा करते आणि 'ग्राफाना' ते आलेखात मांडते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात चार गोष्टींवर नजर ठेवायला सांगितले आहे : उत्तराला लागणारा वेळ, येणारी गर्दी, होणाऱ्या चुका आणि यंत्रणा किती भरत आली आहे ते. जाणकार सरासरीवर विसंबत नाहीत, सर्वांत जास्त ताटकळलेल्यांकडे पाहतात. शंभरात एकाचेच काम अडले, हे ऐकायला बरे वाटते. पण अर्जदार एक कोटी असतील, तर तो एक म्हणजे एक लाख माणसे होतात.

कंत्राटांतून 'सेवा ९९.९ टक्के वेळ सुरू राहील' असे वचन असते. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. हे पावणेनऊ तास जर ३१ जुलैला सकाळी अकरा ते रात्री पावणेआठ असे आले, तर? कंत्राट अक्षरशः पाळले जाईल, आणि मंठ्याच्या शेतकऱ्याचा विमा बुडेल.

काही अडचणी तर कोणत्याही आलेखात दिसत नाहीत. 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात स्वतःच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी हवा होता. ज्या बाईचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचे? यंत्राच्या लेखी सारे सुरळीत होते. त्या विधवा बहिणीपुरते मात्र दार बंद होते. पुढे नोव्हेंबरात १८ तारखेची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली. ही सोय पहिल्याच दिवशी सुचायला कोणत्याही संगणकाची गरज नव्हती. एखाद्या अंगणवाडी सेविकेला आधी विचारले असते, तरी पुरे होते.

यावर अधिकारी म्हणतात, 'लोक शेवटच्या दिवशीच येतात.' येतात खरे. पण पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की कागद लांबतात, आणि मजुरी बुडवून तालुक्याला जाणे रोज परवडत नाही. 'मुदतवाढ देतोच की,' हेही उत्तर ठरलेले. दिली जातेच. २०२३ साली तेव्हाच्या एक रुपयातल्या पीकविम्याची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत गेली. २०२४ साली १५ जुलैची ३१ जुलै झाली. पण मुदतवाढ ही मेहेरबानी असते. ती मिळेल की नाही, हे मुदत संपत आली तरी माहीत नसते. मला वाटते, इथे हक्क हवा.

त्याचा आधार आपल्या जुन्या कायद्यात आहे. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे, म्हणजे जनरल क्लॉजेस अॅक्टचे, दहावे कलम सांगते, की एखादे काम ठरावीक मुदतीत कार्यालयात करायचे असेल आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर ते उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेले काम मुदतीतच केले असे धरावे. हे कलम वेबसाईटला जसेच्या तसे लागू होते, असा माझा दावा नाही. त्यातला न्याय मात्र लागू व्हायला हवा. बँकेतही वेळ संपल्यावर दरवाजा ओढून घेत. पण आत आलेल्या प्रत्येकाचे काम करूनच खिडकी बंद होई.

म्हणून मागण्या तीनच. शेवटच्या आठवड्यात पोर्टल जितके तास अडले, तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी मंत्र्यांच्या घोषणेची वाट पाहायला लागू नये. अर्जाचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर तारीख-वेळेसह पावती मिळावी आणि ती मुदतीत आल्याचा पुरावा मानावी. आणि देखरेखीचे आकडे कंत्राटदाराच्या पडद्यावर न कोंडता तालुकावार जाहीर करावेत : आज जाफराबादमधून किती अर्ज सुरू झाले आणि किती पूर्ण झाले. यासाठी लागणारे तंत्र तयार आहे, आणि त्यातले बरेचसे फुकट मिळते. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा करून वेळेत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. तो हक्क सेवा केंद्राच्या खिडकीपर्यंत पोचवणे, एवढेच आता बाकी आहे.