कट्टा मोकळा झाला, पण संध्याकाळचं काय?



मिक्सर, ज्यूसर, भाजी चिरायचं आणि कणीक मळायचं भांडं, सगळं एकाच यंत्रात! दिवाळी जवळ आली की अशा जाहिराती सुरू होतात. आमच्या गडमुडशिंगीतही ऐसपैस स्वयंपाकघरं जाऊन छोटे कट्टे आलेत, त्यामुळे मैत्रिणी विचारतात, "असलं यंत्र घेऊ का गं?" माझं मत असं, की जागा मोजण्याआधी संध्याकाळची वेळ मोजा.

एका वस्तूकडून दोन कामं घेणं आपल्याला नवं नाही. विळीच्या टोकाला खवणी असतेच. भाजी चिरा, नारळ खवा, एकदा पुसली की झालं. पुढं 1960 च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनं 'सुमीत' मिक्सर तयार केला. आपल्याकडच्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटर आणि वरची भांडी बदलायची, ही सोय घरोघरी रुळली.

पण भांडी कितीही असली तरी मोटर एकच, म्हणजे एका वेळी काम एकच. रात्री नऊला जेवणाऱ्या घरात ते चालून जातं. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्याआधीच्या तासात कणीक, चटणी, वाटण सगळं एकदम येतं. कणीक मळून मोटर जास्त तापली, की खालचं लाल बटण पडतं आणि यंत्र गार होईपर्यंत चटणीही थांबते. सूर्य थांबत नाही. नियम पाळणारी घरातली वडीलधारी मंडळी मग तशीच उपाशी झोपतात.

दुसरी गोष्ट शोधाची. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस. डब्यातल्या पिठाचे दिवस आपण मोजतो, पण पात्याखाली आणि रबरी रिंगेत अडकलेल्या पिठाचे? चातुर्मासातल्या दमट हवेत तिथं जीव व्हायला वेळ लागत नाही. जितके सांधे जास्त, तितकं धुणं जास्त, आणि धुणारे हात बहुतेक घरांत बाईचेच. म्हणून दुकानात वॉट आणि वॉरंटीबरोबर हेही विचारा, की पातं हातानं सुटतं का, रबर काढून धुता येतं का.

"वस्तू कमी झाल्या, अपरिग्रहच झाला की!" असं काहीजणी म्हणतात. पण जोडीला आलेली पाती, चकत्या आणि भांडी माळ्यावर चढली, तर परिग्रह नुसता कट्ट्यावरून माळ्यावर गेला. महिन्यातून एकदाही लागत नाही, ते भांडं परिमाणात धरायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चार माणसांच्या घराला दोन-तीन भांड्यांचा साधा मिक्सर पुरतो. कणीक परातीत दहा मिनिटांत होते. घर मोठं असेल किंवा हात दुखत असतील, तर मळायचं यंत्र जरूर घ्यावं, पण वेगळं. त्याच्यासाठी भिंतीला एक मजबूत फळी ठोकून घ्या, कट्टाही मोकळा राहील.