माकडताप : नाव माकडाचे, इतिहास माणसाचा

(१)
१९५७. म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. उन्हाळ्याच्या तोंडावर क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या खेड्यांत तापाची साथ आली. तीव्र ताप, असह्य अंगदुखी आणि काही रुग्णांत रक्तस्राव. हा आजार पुढे ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ या नावाने वैद्यकाच्या ग्रंथांत गेला. कोकणात आणि गोव्यात त्याला ‘माकडताप’ म्हणतात. या दोन्ही नावांत दोषी कोण, हे आधीच ठरवून टाकलेले आहे: एकात जंगल, दुसऱ्यात माकड. इतिहास मात्र तिसऱ्याकडे बोट दाखवतो.

(२)
माकडांच्या मृत्यूने शास्त्रज्ञ हादरले, त्याला कारण होते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर माकडांनाही होतो, आणि भारतात तो कधीच शिरला नव्हता. तो आला असता तर हाहाकार उडाला असता. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था) पथक टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली तपासाला लागले. विषाणू सापडला. तो पीतज्वराचा नव्हता, तर रशियात आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला होता. त्याची वाहक होती गोचीड.

(३)
‘रशियन’ नात्यामुळे संशयाची सुई आकाशाकडे वळली. सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनी बाधित गोचिड्या आणल्या असतील काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. भारतीय पक्षिशास्त्राला त्याचा अपार लाभ झाला. पण पक्ष्यांनी रोग आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. नव्या रोगाचे मूळ आधी परक्या भूमीत शोधावे, ही माणसाची जुनी खोड आहे.

(४)
आपल्या पायाखालची जमीन पाहणारा अभ्यासक होता होर्हे बोशेल. कोलंबियात पीतज्वरावर काम करताना त्याने एक गोष्ट टिपली होती. उंच झाड कोसळले की शेंड्यावर वावरणारे डास खाली येऊन लाकूडतोड्यांना घेरतात. रोग जंगलात होताच. माणसाच्या कुऱ्हाडीने तो जमिनीवर आणला. हीच दृष्टी घेऊन तो मलनाडात आला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने माकडतापाचा संबंध जंगलतोड, शेतीचा विस्तार आणि गुरांची चराई यांच्याशी जोडला.

(५)
त्याचे सूत्र समजायला सोपे आहे. हिमोफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीची पिल्ले उंदीर, पक्षी, माकडे अशा लहानमोठ्या प्राण्यांवर जगतात. पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र अंडी घालण्यापूर्वी मोठ्या जनावराचे रक्त लागते. घनदाट अरण्यात अशी जनावरे विरळ. जंगल तुटून शेत, झुडपे आणि राई यांची गोधडी तयार झाली, मोकळ्या जागी घाणेरी माजली आणि रोज शेकडो गुरे चरायला येऊ लागली, तेव्हा गोचिडीला बारमाही अन्नछत्र मिळाले. विषाणूच्या प्रसारात गुरांचा थेट वाटा नगण्य, पण गोचिड्यांची संख्या वाढते ती त्यांच्यामुळे. माकड मेले की त्याच्या थंड पडणाऱ्या देहावरून बाधित गोचिड्या खाली गळतात, आणि तिथूनच लाकूडफाटा किंवा सुपारीच्या बागेसाठी पालापाचोळा गोळा करणारा माणूस जातो. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. म्हणजे प्रत्येक रुग्ण हा जंगलाच्या काठावरच्या कष्टाचा स्वतंत्र दाखला असतो.

(६)
पुढची मोठी साथ म्हणजे या सूत्राची कसोटीच होती. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी राखीव जंगल साफ करण्यात आले. त्या हंगामात दीड हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली, आणि पहिला फटका बसला तो तोडणीवरच्या मजुरांना. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल निक्टर यांनी १९८७ मध्ये माकडतापाला ‘विकासाचा आजार’ म्हटले, ते याच पार्श्वभूमीवर.

(७)
यावर एक रास्त आक्षेप आहे. जंगलतोडीने विषाणू जन्माला येत नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी सौराष्ट्र-कच्छ भागातील रक्तनमुन्यांतही या कुळातील विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे विषाणू जुना असण्याचा संभव मोठा. शिवाय तपासणी वाढली की रुग्णही अधिक दिसतात. हे मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. विषाणू जुना असेल, पण साथ नवी आहे. विषाणूचे असणे ही निसर्गाची गोष्ट झाली. साथीची तारीख आणि ठिकाण ठरवते ती जमीन वापरण्याची पद्धत. आणि ती पद्धत सरकारी निर्णय, बाजारभाव आणि पोटाची गरज यांतून घडते.

(८)
म्हणूनच दोष कुऱ्हाड धरणाऱ्या हाताला देणे अन्यायाचे ठरेल. तो हात बहुधा मजुरीवर असतो. लागवडीचा नफा एकाच्या पदरात आणि गोचिडीचा दंश दुसऱ्याच्या पायाला, अशी ही वाटणी आहे.

(९)
ही गोष्ट आता महाराष्ट्र-गोव्याचीही आहे. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप पोहोचला. येथेही काजूच्या बागा जंगलाला खेटून आहेत. काजू वेचण्याचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. वर्षानुवर्षे वापरलेली लस अपुरी ठरली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. आज अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारे मलम आणि मेलेल्या माकडाची तत्काळ खबर, एवढीच ढाल हाती आहे.

(१०)
ती खबर देणारे माकड खरे तर आपला जागल्या आहे. तो स्वतः मरून इशारा देतो, आणि आपण रोगाला त्याचेच नाव देतो.

(११)
साथींचा इतिहास लिहिताना आपण रुग्णालयांचे अहवाल चाळतो, मृत्यूंचे आकडे मोजतो. माकडतापाचा इतिहास मात्र वनखात्याच्या तोडणी-योजनांत, पशुगणनेत, लागवडीच्या नोंदवह्यांत आणि मजुरांच्या हजेरीपटांतही दडलेला आहे. ही दप्तरे एकत्र वाचली, तर पुढची साथ कोणत्या रानाच्या काठावर उभी आहे, याचा अंदाज बांधता येईल. निदान ती आली तेव्हा ‘अचानक आली’ असे तरी कोणाला म्हणता येणार नाही.